एसडीआर की पारंपरिक रिग? आधी आपला बँड मोजा, मग निवडा

एसडीआर (सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ) आणि पारंपरिक ट्रान्ससीव्हर (ऐकणारा आणि पाठवणारा हॅम रेडिओ संच, म्हणजेच रिग) यांच्यातला फरक एका जागेवर येऊन ठरतो: अँटेनाकडून आलेला सिग्नल नेमका कुठे आकड्यांत बदलतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत त्याच्याबरोबर आणखी किती सिग्नल आत शिरलेले असतात. पुढच्या पॅनेलवर रंगीत स्क्रीन आहे की नुसता नॉब आणि मीटर, यावरून हे कळत नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या कितीतरी ‘पारंपरिक’ रिगमध्ये शेवटच्या टप्प्यात डीएसपी (आकड्यांत बदललेल्या सिग्नलवर गणित करणारी चिप) बसलेला आहे. त्यामुळे कोणतीही रिग विचारात घेताना पहिलं काम म्हणजे तिचा ब्लॉक डायग्राम उघडायचा आणि एडीसी, म्हणजे सिग्नल आकड्यांत बदलणारी चिप, कुठे आहे ते बोटाने शोधायचं.

एडीसी कुठे बसला आहे

पूर्ण ॲनालॉग सुपरहेटमध्ये, म्हणजे सिग्नल मिक्सरने एका ठरावीक मधल्या फ्रीक्वेन्सीवर (आयएफ) आणणाऱ्या रिसीव्हरमध्ये, तो कुठेच नसतो. अँटेना, बँडपास फिल्टर, मिक्सर, आयएफ, क्रिस्टल फिल्टर, प्रॉडक्ट डिटेक्टर आणि स्पीकर, एवढाच प्रवास. एसएसबीसाठी (बोलण्याचा मोड) २.४ किलोहर्ट्झचा आणि सीडब्ल्यूसाठी (मोर्स) ५०० हर्ट्झचा फिल्टर प्रत्यक्ष क्रिस्टलचा असतो. तो बसवलेला नसेल तर ती रुंदी मिळत नाही.

आयएफ-डीएसपी रिगमध्ये पहिला मिक्सर आणि रूफिंग फिल्टर (मिक्सरनंतर लगेच बसणारा फिल्टर) ॲनालॉगच असतात, पण पुढे पंधरा-पंचवीस किलोहर्ट्झसारख्या खालच्या आयएफवर एडीसी येतो. एलेक्राफ्ट के३ आणि केनवुड टीएस-५९० ही याची चांगली उदाहरणं. एडीसीला इथे फक्त रूफिंग फिल्टरमधून सुटलेला अरुंद पट्टा दिसतो.

डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये बँडपास फिल्टरनंतर थेट एडीसी. आयकॉम आयसी-७३०० आणि फ्लेक्सच्या ६००० मालिकेतल्या रिग या जातीच्या. मिक्सर नाही, आयएफ नाही, क्रिस्टल फिल्टर नाही. पुढचं सगळं एफपीजीए (हवी तशी जोडणी करता येणारी डिजिटल चिप) आणि सॉफ्टवेअर करतं.

क्वाड्रचर प्रकारात सिग्नल आधी ९० अंशांच्या फरकाने दोन वाटांनी खाली उतरवला जातो आणि मग आय आणि क्यू अशा दोन धारा ऑडिओच्या एडीसीकडे जातात. सॉफ्टरॉकसारखी किट आणि बऱ्याच छोट्या क्यूआरपी (कमी पॉवरच्या) रिग असंच काम करतात. स्वस्तात उत्तम कामगिरी देणारा हा मार्ग आहे, पण त्याचं एक ठरलेलं दुखणं आहे: दोन वाटा तंतोतंत सारख्या नसल्या की मध्यबिंदूच्या दुसऱ्या बाजूला प्रत्येक सिग्नलची सावली उमटते. ०.१ डीबीचा आणि १ अंशाचा फरक राहिला तरी सावली फक्त ४० डीबीच (१० डीबी म्हणजे पॉवरमध्ये दहापट फरक) खाली जाते. एस९+३०चं (एस मीटरवर एस९ च्या ३० डीबी वरचं) स्टेशन असेल तर त्याची सावली सहज ऐकू येते. सॉफ्टवेअरमधलं आय-क्यू बॅलन्स प्रत्येक बँडवर वेगळं करून साठवून ठेवा, आणि ऐकायची फ्रीक्वेन्सी मध्यबिंदूपासून दहा-पंधरा किलोहर्ट्झ बाजूला ठेवा म्हणजे मध्यबिंदूवर उभा राहणारा डीसीचा खोटा खिळाही त्रास देणार नाही.

याशिवाय संकरित रिग आहेत. याएसूच्या एफटीडीएक्स-१०१डीमध्ये मुख्य रिसीव्हर ९ मेगाहर्ट्झच्या आयएफवर अरुंद रूफिंग फिल्टर लावून चालतो, आणि स्क्रीनवरच्या स्पेक्ट्रमसाठी वेगळा डायरेक्ट सॅम्पलिंगचा मार्ग आहे. हा मध्यममार्ग का काढावा लागला, ते पुढच्या भागात कळेल.

खोटे सिग्नल दोन्हीकडे येतात, वाटा वेगळ्या

सुपरहेटचा जुना शत्रू म्हणजे इमेज. आयएफ ४५५ किलोहर्ट्झ असेल आणि तुम्ही १४.२०० मेगाहर्ट्झ ऐकत असाल, तर ऑसिलेटर १४.६५५ वर असतो आणि १५.११० वरचं स्टेशनही त्याच आयएफमध्ये येऊन पडतं. ही १९ मीटरच्या ब्रॉडकास्ट बँडमधली जागा, म्हणजे तिथे मोठमोठी प्रक्षेपण केंद्रं बसलेली. आयएफ ९ मेगाहर्ट्झ केली की इमेज ३२.२ मेगाहर्ट्झवर जाते आणि साधा बँडपास फिल्टरही तिला अडवतो.

डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये इमेज नसते, एलियस असतो. एडीसी सेकंदाला १२२.८८ दशलक्ष नमुने घेत असेल तर ६१.४४ मेगाहर्ट्झच्या वरचं सगळं आरशात दिसावं तसं खाली दुमडून येतं. १०१.६८ मेगाहर्ट्झवरचं एफएम प्रक्षेपण मग २१.२०० मेगाहर्ट्झवर, थेट १५ मीटरच्या फोन भागात उतरतं. चांगल्या रिगमध्ये पुढचा लोपास फिल्टर हे थांबवतो. एफएमचा टॉवर जवळ असेल तर तेवढा पुरत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: खोटा सिग्नल रुंद, धुरकट आणि एफएमच्या गाण्याच्या चालीवर थरथरणारा दिसतो. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर अँटेनाच्या वाटेत लावा. मात्र त्यातून ट्रान्समिट करायचं असेल तर तो तेवढी पॉवर सोसणारा हवा, नाहीतर फक्त रिसीव्हच्या वाटेत लावा.

आरटीएल-एसडीआर व्ही३ (संगणकाच्या यूएसबीत लावायचा छोटा, स्वस्त रिसीव्हर, म्हणजे डोंगल) डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये वापरणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. त्याचा एडीसी २८.८ मेगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे दुमड १४.४ वर येते. १४.२ ऐकताना १४.६ वरचं काहीही तिथेच ऐकू येणार. वीस मीटरवर हे डोंगल बिघडलेलं वाटतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

एडीसी कधी भरतो

बिटांचं गणित असं: आदर्श एडीसीची पट्टी ६.०२ गुणिले बिट अधिक १.७६ डीबी. ८ बिटांना ५० डीबी, १४ बिटांना ८६, १६ बिटांना ९८. प्रत्यक्षातल्या चिपमध्ये उष्णतेचा नॉइज आणि घड्याळाची थरथर मिळून यातले बरेच डीबी खातात.

मग १४ बिटांवर एचएफचा सगळा पसारा कसा पेलतो? कारण एडीसीचा नॉइज ६१ मेगाहर्ट्झभर पसरलेला असतो आणि तुम्ही त्यातला ५०० हर्ट्झचाच तुकडा ऐकता. १२२.८८ च्या वेगाला ५०० हर्ट्झसाठी जवळपास ५१ डीबी आणि २.४ किलोहर्ट्झसाठी ४४ डीबी पदरात पडतात. यालाच प्रोसेस गेन म्हणतात. तीच गोष्ट २.४ मेगाहर्ट्झ रुंदीच्या ८ बिटी डोंगलला लावली तर एसएसबीला फक्त ३० डीबी मिळतात. दोघांनाही ‘एसडीआर’च म्हणतात, पण एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याबद्दल मत बनवणं चूक आहे.

प्रोसेस गेन नॉइजसाठी असतो, वरच्या मर्यादेसाठी नाही. एडीसी हे ठरावीक मापाचं भांडं आहे, आणि ते फिल्टरमधून आत आलेल्या सगळ्या सिग्नलांच्या बेरजेने भरतं. अँटेनावर −३० डीबीएमचे (१ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डीबी) दहा सिग्नल असतील तर त्यांची सरासरी पॉवर −२० होते. पण दहाही व्होल्टेजचे माथे एका क्षणी जुळले तर शिखर एका सिग्नलपेक्षा २० डीबी वर, म्हणजे −१० डीबीएमच्या वाहकाइतकं चढतं. प्रीॲम्प चालू असेल तर त्यात १० ते २० डीबी आणखी. भांडं एकदा सांडलं की त्याचा परिणाम एका स्टेशनवर होत नाही. पूर्ण बँडभर एकदम कचरा उठतो, वॉटरफॉलचा (स्क्रीनवर सरकत जाणारं बँडचं चित्र) तळ झटक्यात उजळतो आणि पुढच्या क्षणी पूर्ववत होतो. आयसी-७३०० वर अशा वेळी ओव्हीएफचा (ओव्हरफ्लो) दिवा लागतो. दिवा लागला की क्रम हा: प्रीॲम्प बंद, मग आरएफ गेन कमी, मग ॲटेन्युएटर.

जुन्या सुपरहेटमध्ये भांडं वेगळ्या ठिकाणी भरतं. पहिली आयएफ ४५ किंवा ७० मेगाहर्ट्झच्या आसपास आणि रूफिंग फिल्टर १५ किलोहर्ट्झ रुंद, अशी रचना असलेल्या बऱ्याच रिगची डायनॅमिक रेंज (सर्वांत क्षीण आणि पेलता येणाऱ्या सर्वांत मोठ्या सिग्नलमधलं अंतर) २० किलोहर्ट्झवरच्या शेजाऱ्यांसमोर ९० डीबीच्या वर असते. शेजारी २ किलोहर्ट्झवर आले की तीच ७० च्या आसपास घसरते, कारण ते दोघेही रूफिंग फिल्टरच्या आत येऊन बसतात. स्पर्धेच्या दिवशी सीडब्ल्यूच्या भागात नेमकं हेच होतं. खालच्या आयएफवर ५०० हर्ट्झचा अरुंद रूफिंग फिल्टर लावणाऱ्या रिगने हा प्रश्न सोडवला. डायरेक्ट सॅम्पलिंगने तो दुसऱ्या बाजूने सोडवला: तिथे शेजारी २ किलोहर्ट्झवर असो वा २० वर, एडीसीच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

थोडक्यात, अरुंद रूफिंग फिल्टरवाली रिग एकट्या, प्रचंड मोठ्या आणि अगदी जवळच्या सिग्नलसमोर निवांत असते. डायरेक्ट सॅम्पलिंग गजबजलेल्या पण मध्यम ताकदीच्या बँडवर उत्तम वागते आणि शेजारच्या तंबूत १०० वॉटचा ट्रान्समीटर असला की अडचणीत येते.

आयपी३ (तिसऱ्या क्रमाच्या खोट्या सिग्नलांचा छेदबिंदू) या आकड्यावरून एसडीआरची तुलना करू नका. सुपरहेटमध्ये सिग्नल १ डीबीने वाढला की तिसऱ्या क्रमाचं खोटं अपत्य ३ डीबीने वाढतं, म्हणून तो छेदबिंदू काढता येतो. एडीसी हा नियम पाळत नाही. त्याची खोटी अपत्यं बराच वेळ जवळपास एकाच पातळीवर रेंगाळतात आणि बँडवर थोडे जास्त सिग्नल आले की कधीकधी उलट कमी होतात. आयसी-७३०० वरचं आयपी+ बटण याच गुणाचा उपयोग करून घेतं.

आपल्या जागेवर करायची तीन मापं

कोणाची रिग तासभर मागून आणता आली तर उत्तम. नसेल तर आत्ता जी आहे तिच्यावरही ही मापं होतात. लागणारं साहित्य: ५० ओहमचा डमी लोड, खरं आरएमएस दाखवणारा मल्टिमीटर, आणि ६ व १० डीबीचे ॲटेन्युएटर. साधा मल्टिमीटर ऑडिओ नॉइजवर चुकीचं वाचन देतो, म्हणून आरएमएसची अट सोडू नका.

पहिलं माप बँडच्या नॉइजचं. मोड सीडब्ल्यू, रुंदी ५०० हर्ट्झ, एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट) बंद, नॉइज रिडक्शन आणि नॉइज ब्लँकर बंद, प्रीॲम्प बंद. अँटेना काढून डमी लोड लावा, ऑडिओच्या वाटेवर व्होल्टेज वाचा. आता अँटेना लावून मोकळी फ्रीक्वेन्सी शोधा आणि पुन्हा वाचा. वाचन ३.२ पट झालं तर वाढ १० डीबी. एवढी वाढ असेल तर रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजमुळे होणारं नुकसान अर्ध्या डीबीपेक्षाही कमी आहे आणि त्याहून ‘संवेदनशील’ रिग घेऊन एकही जास्त स्टेशन ऐकू येणार नाही. ४० मीटरवर वस्तीत ही वाढ सहसा २० डीबीच्याही वर निघते. अशा ठिकाणी रात्री १० किंवा २० डीबीचं ॲटेन्युएशन कायम चालू ठेवणं योग्य. सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच खाली येतात, आणि मिक्सर किंवा एडीसीला तेवढी मोकळी जागा मिळते. १० मीटरवर शांत जागी वाढ १० डीबीपेक्षा कमी आली तरच प्रीॲम्प लावा.

दुसरं माप सर्वांत मोठ्या सिग्नलांचं. अंधार पडल्यावर एएम मोडमध्ये मिडियम वेव्ह, ५.९ ते ६.२, ७.२ ते ७.४५ आणि ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झ हे पट्टे हळूहळू फिरवून पाहा आणि एस मीटरवरचे सर्वांत मोठे आकडे लिहून घ्या. एचएफवर एस९ म्हणजे −७३ डीबीएम, त्यामुळे एस९+४० म्हणजे −३३ आणि एस९+६० म्हणजे −१३. एस९ च्या खाली बहुतेक मीटर ६ डीबीचं माप पाळत नाहीत, वरचे आकडे त्यामानाने बरे असतात. +६० च्या जवळ काही दिसलं तर डायरेक्ट सॅम्पलिंग रिगसाठी बाहेरचा बँडपास फिल्टर आधीच यादीत धरा. पुढचे फिल्टर किती अरुंद आहेत हे तपासल्याशिवाय ती घेऊच नका.

तिसरी परीक्षा खोट्या सिग्नलची. संशयास्पद सिग्नलवर थांबा आणि अँटेनाच्या वाटेत ६ डीबीचा ॲटेन्युएटर घाला. खरा सिग्नल ६ डीबीने, म्हणजे एका एस युनिटने खाली येईल. सुपरहेटमध्ये तयार झालेला तिसऱ्या क्रमाचा खोटा सिग्नल १८ डीबीने कोसळेल. एडीसीत तयार झालेला असेल तर तो किती पडेल ते सांगता येत नाही, पण बहुधा ६ नाही. ६ डीबीनेच कमी झाला तर तो बाहेरूनच आलेला आहे, मग तो कितीही विचित्र वाटो (वर पाहिलेले इमेज आणि एलियसही असेच ६ ने पडतात). घरातला एखादा चार्जर किंवा दिवा त्याचं मूळ असण्याची शक्यता जास्त.

दोन रिग शेजारी ठेवून ऐकताना

एकाच अँटेनावर अदलाबदल करत ऐकलं तर बँडची चढउतार मध्ये येते आणि मन आधीच ठरवलेल्या रिगकडे झुकतं. त्याऐवजी दोन वाटांचा स्प्लिटर वापरा. प्रत्येक वाटेत ३ डीबी आणि थोडा तोटा होईल, एचएफवर त्याने काही बिघडत नाही. स्प्लिटर लावण्याआधी दोन्ही रिगची मायक्रोफोन, मोर्सची की आणि कॅटची (संगणकाने रिग चालवण्याची) वायर काढून ठेवा, पॉवर शून्यावर न्या. एका रिगने चुकून ट्रान्समिट केलं तर दुसरीचं पुढचं टोक त्याच क्षणी जातं, आणि स्प्लिटरही.

दोन्हीकडे रुंदी सारखी ठेवा. पॅनेलवर २.४ लिहिलेलं असलं तरी क्रिस्टल फिल्टरच्या बाजू उतरत्या असतात आणि डीएसपीच्या जवळजवळ उभ्या. म्हणून एकाचा आवाज ‘भरदार’ आणि दुसऱ्याचा ‘कोरडा’ वाटतो. हा फरक बराचसा रुंदीचा असतो. डीएसपीला २.७ करून पुन्हा ऐका. नॉइजचा आवाज मीटरवर समान करून घ्या, मग सिग्नल ऐका. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. नॉइज रिडक्शन दोन्हीकडे बंद. एसडीआरचं नॉइज रिडक्शन खरोखर गुणी असतं, पण त्याची परीक्षा वेगळी घ्या, आणि ती कमकुवत सिग्नलवर घ्या, कारण जोरात लावलं की ते आवाजातले स, श आधी खातं.

कान थकणं हा या तुलनेतला खराखुरा निकष आहे. एजीसी प्रत्येक टकटकीला दचकून बसणारी रिग दोन तासांनी डोकं दुखवते, मग मोजमापं काहीही सांगोत. हे दोन्ही जातींत आढळतं.

वॉटरफॉल, आणि तो जुन्या रिगला कसा जोडायचा

वॉटरफॉलची सवय लागली की तो नसलेल्या रिगवर बसणं जड जातं, हे मान्य करायला हवं. पाइलअपमध्ये (एकाच स्टेशनला अनेकजण एकदम बोलावतात तेव्हा) दूरचं डीएक्स स्टेशन ‘अप ५’ (५ किलोहर्ट्झ वर बोलवा) म्हणत असताना त्याने शेवटचं उत्तर नेमकं कुठे दिलं ते दिसतं. रिकामी फ्रीक्वेन्सी एका नजरेत सापडते. शेजाऱ्याचे की-क्लिक आणि पसरलेला एसएसबी डोळ्यांना दिसतो. बंद पडलेल्या वाटणाऱ्या १० मीटरवर एकच बारीक रेघ उमटते आणि बँड उघडल्याचं कळतं.

मांडणी नीट हवी. रेघांची बारीकी म्हणजे सॅम्पल रेट भागिले एफएफटीचे (स्पेक्ट्रम काढण्याचं गणित) बिंदू. १९२ किलोहर्ट्झला ४०९६ बिंदूंवर एक खण ४७ हर्ट्झचा येतो, १६३८४ वर १२ हर्ट्झचा. सीडब्ल्यूसाठी दुसरा बरा, पण तो उमटायला उशीर लावतो. रेफरन्स पातळी अशी ठेवा की बँडचा नॉइज जेमतेम काळ्याच्या वर दिसेल. बरेच जण सगळा पडदा निळा-पिवळा ठेवतात आणि कमकुवत रेघा त्यातच बुडतात.

चांगला सुपरहेट आधीच हाताशी असेल तर निव्वळ वॉटरफॉलसाठी तो विकू नका. पहिल्या मिक्सरनंतर आणि रूफिंग फिल्टरच्या आधी आयएफ काढून घ्या, मध्ये एक बफर ॲम्प्लिफायर लावा आणि स्वस्त एसडीआर डोंगल त्या आयएफवर ट्यून करा. बफर गाळला तर डोंगल आयएफवर भार टाकतो आणि त्याचा स्वतःचा नॉइज उलटा रिसीव्हरमध्ये शिरतो. पहिली आयएफ ४५ किंवा ७० मेगाहर्ट्झच्या आसपास असेल तर डोंगल सरळ चालतो, ८-९ मेगाहर्ट्झ असेल तर एचएफ ऐकू शकणारा एसडीआर हवा. ऑसिलेटर वरच्या बाजूला असेल तर चित्र उलटं दिसेल, सॉफ्टवेअरमध्ये ते फिरवून घ्या. आयएफला हात लावायचा नसेल तर अँटेनाच्या वाटेतूनही घेता येतं, पण मग ट्रान्समिटच्या क्षणी डोंगलला जमिनीला जोडणारा रिले स्विच लागतोच.

ट्रान्समिटची बाजू

तुलना करताना सगळे रिसीव्हरवर बोलतात. शेजाऱ्यांना मात्र तुमचा ट्रान्समीटरच ऐकावा लागतो. १३.८ व्होल्टवर चालणारे फायनल्स (शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर) दोन्ही जातींत तेच असतात, त्यामुळे निव्वळ एसडीआर असल्याने सिग्नल स्वच्छ होत नाही.

तपासणी अशी. डमी लोडवर १४.२०० वर यूएसबी मोड (अप्पर साइडबँड), मायक्रोफोनच्या वाटेने ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन सूर सारख्या पातळीवर द्या. दुसऱ्या रिसीव्हरवर १४.२००७ आणि १४.२०१९ वर ते दोन दिसतील. तिसऱ्या क्रमाची अपत्यं १४.१९९५ आणि १४.२०३१ वर शोधा. ती सुरांपेक्षा ३० डीबी खाली असली तर ठीक, ३५ असली तर चांगलं. काही तक्ते हाच आकडा शिखर पॉवरच्या तुलनेत देतात, तो ६ डीबीने जास्त दिसतो. दोन रिगचे आकडे ताडताना मापाची पद्धत एकच आहे ना ते पाहा. दुसरा रिसीव्हर ओव्हरलोड झालेला नाही याची खात्री वरच्या ६ डीबीच्या युक्तीने करा.

एसडीआरला इथे एक खास गोष्ट शक्य आहे. आउटपुटचा नमुना परत एडीसीला देऊन आधीच उलट विकृती मिसळायची, म्हणजे ॲम्प्लिफायरची विकृती त्यात कटून जाते. ओपन-एचपीएसडीआरच्या सॉफ्टवेअरमधलं प्युअरसिग्नल हेच करतं. नीट जुळलं तर अपत्यं ५० डीबीच्याही खाली जातात, आणि मोठा लिनिअर ॲम्प्लिफायर मध्ये असला तरी त्याच्यासकट. त्यासाठी लिनिअरच्या आउटपुटवर कपलर आणि योग्य ॲटेन्युएशन लागतं. नमुना जोरात गेला तर फीडबॅकची वाटच विकृत होते.

लिनिअर वापरणार असाल तर आणखी एक तपासणी: पॉवर २० वॉटवर ठेवून शिखर पकडणाऱ्या वॉटमीटरवर पहिला शब्द बोला. काही रिग एएलसी (पॉवर आपोआप मर्यादेत ठेवणारं सर्किट) सावरेपर्यंत पहिल्याच क्षणी १०० वॉट किंवा त्याहून जास्त सोडतात, लिनिअरचं संरक्षण उडतं किंवा फायनल्स जातात.

सीडब्ल्यूवाल्यांसाठी उशीर हा मोठा मुद्दा आहे. मिनिटाला २५ शब्दांना एक डॉट ४८ मिलिसेकंदांचा. ४८ किलोहर्ट्झवरचा ४०९६ टॅपचा लिनिअर फेज फिल्टर एकटाच सुमारे ४३ मिलिसेकंद खातो, त्यात संगणकाचे बफर वेगळे. साइडटोन (आपण पाठवतो ते स्वतःला ऐकवणारा सूर) रिगच्या आतून तयार होत असेल तर पाठवता तरी येतं. संगणकातून फिरून येत असेल तर हात अडखळतो. डॉटांच्या मधे ऐकायचं असेल तर सुपरहेट किंवा स्वतःच्या आत सगळं करणारा एसडीआर घ्या, आणि फिल्टरच्या सेटिंगमध्ये कमी उशिराचा पर्याय आहे का ते पाहा. लिनिअर फेजचा हट्ट सीडब्ल्यूला परवडत नाही.

संगणक, यूएसबी आणि एफटी८

एफटी८ साठी (संगणकावरून चालणारा डिजिटल मोड) दोन्ही जाती पुरेशा आहेत. नव्या रिगमध्ये यूएसबीतच साउंड कार्ड असतं, जुन्या रिगला ट्रान्सफॉर्मरने वेगळा केलेला इंटरफेस लावावा लागतो. घड्याळ एका सेकंदाच्या आत हवं. रिसीव्हची रुंदी ३ किलोहर्ट्झ, कॉम्प्रेसर बंद. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ च्या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या नॉइजवर मीटर ३० डीबीच्या आसपास ठेवा. ट्रान्समिटचा सूर १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवा, कारण ६०० वर ठेवला तर त्याचे १२०० आणि १८०० वरचे हार्मोनिक त्याच फिल्टरमधून बाहेर पडतात. एएलसीची सुई शून्यावर येईपर्यंत ऑडिओ कमी करा.

संगणकाशी जोडलेल्या एसडीआरचा त्रास बहुधा केबलमधून येतो. ट्रान्समिट सुरू होताच यूएसबी तुटत असेल तर आरएफ केबलच्या बाहेरून परत येतंय. ३१ मिक्सच्या फेराइट रिंगवर केबलचे सात-आठ वेढे घाला, केबल छोटी ठेवा आणि अँटेनाच्या मुळाशी चोक लावा. नुसता एकदा आरपार घातलेला फेराइट मणी ७ मेगाहर्ट्झवर जवळपास काहीच करत नाही.

पॉवरच्या केबलचं गणितही करून घ्या. १०० वॉटची रिग २१ अँपिअरच्या आसपास घेते. २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर केबलमध्ये, जाणं-येणं धरून, ०.५८ व्होल्ट पडतात. ६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.२४. आत संगणकासारखा प्रोसेसर असलेली रिग व्होल्टेज खाली गेलं की बोलता बोलता रीसेट होते. जुनी ॲनालॉग रिग अशा वेळी फक्त पॉवर कमी करते आणि विकृती वाढवते. डोंगरावर बॅटरीवर बसणाऱ्यांसाठी रिसीव्हचा करंटही तितकाच महत्त्वाचा: १०० वॉटच्या डायरेक्ट सॅम्पलिंग रिगला नुसतं ऐकायला अँपिअरच्या आसपास लागतो, म्हणजे २० अँपिअर-तासाची बॅटरी ऐकण्यातच दिवसभरात संपते. एलेक्राफ्ट केएक्स२ सारखी छोटी रिग त्याच कामाला १५० मिलिअँपिअरच्या आत राहते.

एकाच मैदानात अनेक ट्रान्समीटर

इथे डायरेक्ट सॅम्पलिंगची खरी कसोटी लागते. प्रत्येक रिगला त्या बँडचा बाहेरचा बँडपास फिल्टर हवाच. तो नसेल तर निदान कोअॅक्सचा स्टब (वाटेत बाजूला जोडायचा मोजून कापलेला केबलचा तुकडा) बनवा. ७.१ मेगाहर्ट्झच्या पाव तरंगाचा, टोकाला शॉर्ट केलेला स्टब ४० मीटरच्या रिगच्या वाटेत टी जोडून लावला की ४० ला तो अदृश्य राहतो आणि १४.२ व २८.४ ला शॉर्ट होतो. शेजारच्या २० मीटरच्या ट्रान्समीटरपासून तुमचा रिसीव्हर वाचतो, आणि तुमचा दुसरा हार्मोनिक त्याच्याकडे जात नाही. लांबी १०.५६ मीटर गुणिले ०.६६, म्हणजे सुमारे ६.९७ मीटर, घन पॉलिथिलिनच्या कोअॅक्ससाठी. फोमच्या कोअॅक्सचा गुणक वेगळा. वीसेक सेंटिमीटर जास्त कापा आणि ॲनालायझरवर १४.२ चा खड्डा पाहत पाहत छाटा. जाड कोअॅक्समध्ये २० ते २५ डीबी मिळतात, पातळ आरजी-५८ मध्ये कमी.

जुनी घ्यायची असेल तर

पारंपरिक रिग तपासताना: कोणकोणते क्रिस्टल फिल्टर प्रत्यक्षात बसवलेले आहेत ते झाकण काढून पाहा, मेन्यूतल्या नावावर जाऊ नका. रिग मुकी वाटली आणि एकदा ट्रान्समिट केल्यावर ऐकू यायला लागली तर रिलेचे संपर्क खराब आहेत. मुख्य नॉब हळू फिरवताना आकडे मागेपुढे उडी मारत असतील तर एन्कोडर गेलाय. आयसी-७५१ सारख्या काही मॉडेलमध्ये कार्यप्रणालीच बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या रॅममध्ये असते. ती बॅटरी कधी बदलली होती, आणि रॅम जागी ठेवून बदलली होती का, ते विचारा. फायनल्स, कपॅसिटर, रिले हे सगळं मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्नने घरी होतं, आणि अशी रिग चाळीस वर्षं चालते.

एसडीआर तपासताना: टच स्क्रीनवर बोटाने रेघा ओढून मृत जागा शोधा, सगळे पोर्ट लावून पाहा, फर्मवेअर कोणतं आहे ते वाचा. त्यानंतर महत्त्वाचं म्हणजे ती संगणकाशिवाय चालते का. फ्लेक्स-५००० फायरवायरवर चालायची. रेडिओ आजही उत्तम ऐकतो, पण फायरवायरचं पोर्ट नव्या संगणकांवरून गेलं आणि आता त्या रेडिओसाठी जुना संगणकही सांभाळावा लागतो. नेटवर्क पोर्ट असलेल्या रिग या बाबतीत जास्त दिवस टिकाव धरतात. आत एफपीजीएची मोठी चिप गेली तर घरी दुरुस्ती नाही, बोर्डच बदलायचा.

शेवटी घड्याळ तपासा. डब्ल्यूडब्ल्यूव्ही किंवा बीपीएम (अचूक वेळ आणि फ्रीक्वेन्सी प्रक्षेपित करणारी केंद्रं) १० किंवा १५ मेगाहर्ट्झवर ऐकू येत असेल तेव्हा रिग अर्धा तास तापवा. यूएसबी मोडमध्ये (अप्पर साइडबँड) डायल १ किलोहर्ट्झ खाली, म्हणजे ९.९९९ वर ठेवा आणि ऑडिओच्या स्पेक्ट्रमवर सूर वाचा. तो बरोबर १००० हर्ट्झ यायला हवा. १००५ आला तर चूक ०.५ पीपीएमची (दशलक्षात अर्धा भाग), तीच २८ मेगाहर्ट्झवर १४ हर्ट्झ होते. एसडीआरमध्ये हे एका कॅलिब्रेशनच्या आकड्याने सुधारतं. जुन्या रिगमध्ये मुख्य ऑसिलेटरचा ट्रिमर प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने किंचित फिरवावा लागतो. धातूचा वापरलात तर हात काढताच फ्रीक्वेन्सी पुन्हा सरकते.